वाचक विचारतात : पित्तनळीतला बारका खडा, काढायचा का वाट बघायची?

मागच्या अंकात पित्ताशयातल्या खड्यांवर लिहिलं आणि त्यावर आलेली बरीच पत्रं पित्ताशयाची नाहीतच, खडा पित्ताशयातून घसरून नळीत, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या पित्तनळीत, गेलेल्यांची आहेत. बहुतेकांचा प्रश्नही एकच, खडा अगदी बारका आहे, एक डॉक्टर म्हणतात काढा, दुसरे म्हणतात थांबा, मग आम्ही ऐकायचं कुणाचं? म्हणून या वेळी सगळा सदराचा भाग त्यालाच दिलाय. पत्रं थोडी छाटलीत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही उचगावचे. आईचं वय ५८. बरेच दिवस जेवल्यावर उजव्या बाजूला बरगडीखाली कळ यायची, आम्ही अॅसिडिटी समजून गोळ्या देत राहिलो. परवा जोतिबाला जाऊन आलो त्या रात्री कळ एवढी आली की तशीच गाडीत घालून दवाखान्यात नेली. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक बारीक खडे निघाले आणि एमआरसीपीत (म्हणजे पित्तनळीच्या एमआरआयमधे) नळीच्या खालच्या टोकाला ४ मिमीचा एक. रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) २.१ होतं. आता दुखत नाही, खाते-पिते, फिरते. एक डॉक्टर म्हणतात ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, खडा काढा आणि मग पित्ताशयाचं ऑपरेशन. दुसरे म्हणतात एवढा बारका खडा आपोआप पडून जाईल, थांबा. मेव्हण्यानं वाचलंय की ईआरसीपीनं स्वादुपिंडाला सूज येते. आणि आई म्हणते, दुखतच नाही तर कशाला नरड्यातनं नळी घालून घ्यायची. काय करावं?

दादा, पहिली गोष्ट म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर खोटं सांगत नाहीयेत. पित्तनळीतले बारके खडे आपोआप पडतात हे खरंय. पाच मिमीच्या आतला खडा नळीच्या तोंडातून सरकून आतड्यात जातो, शौचावाटे निघून जातो, पेशंटला कळतही नाही, आणि आम्ही ईआरसीपीला दुर्बीण आत घालून बघतो तर नळी मोकळी, असं दर सर्जनच्या आणि दर पोटविकारतज्ज्ञाच्या वाट्याला आलेलं आहे. म्हणून थांबा म्हणणारा माणूस भित्रा किंवा जुन्या काळातला आहे असं समजू नका.

पण 'बारका आहे म्हणजे बिनधोक आहे' हे जे आपल्याकडं सरसकट धरून चालतात ते मात्र मला मान्य नाही, आणि या सगळ्या पत्रांना माझं मुख्य सांगणं तेच आहे. महाद्वार रोडच्या बोळात ट्रक शिरतच नाही, शिरते ती दुचाकी आणि तीच मधे आडवी पडून रस्ता बंद करते, तसं हे आहे. मोठा खडा पित्ताशयातच बसून राहतो. बारका खडा नळीत उतरतो, खाली जिथं पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी जवळजवळ एकाच तोंडानं आतड्यात उघडतात तिथं जाऊन अडकतो, आणि तिथं अडकला की पित्त तुंबतं, कावीळ होते, तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर थंडी वाजून ताप येतो, आणि स्वादुपिंडाचा रस अडला तर स्वादुपिंडाला सूज येते. म्हणजे मेव्हणे ज्या सुजेला घाबरतात ती सूज ईआरसीपीनं येऊ शकते तशी खडा तसाच ठेवूनही येऊ शकते. ही बाजू त्यांनी वाचलेल्या लेखात नसावी बहुतेक.

आता 'थांबणं' म्हणजे नक्की काय ते बघू, कारण त्याबद्दल लई गैरसमज आहे. थांबणं म्हणजे औषधानं खडा विरघळवणं नव्हे. पित्त पातळ करणाऱ्या ज्या गोळ्या मिळतात त्या पित्ताशयातल्या काही ठराविक खड्यांवर महिनोन्महिने घेतल्या तर थोडंफार काम करतात, नळीत अडकलेला खडा त्यांनी जात नाही. डायक्लोफेनॅक किंवा ड्रोटाव्हेरिन घेतलं की कळ थांबते, पण थांबते ती कळ, खडा आहे तिथंच असतो. मुतखड्याला भरपूर पाणी पिऊन खडा पाडतात तसं इथं पाणी पिऊन होत नाही, पाणी त्या वाटेनं जातच नाही मुळी. तेव्हा थांबण्यात उपचार असा काही नसतो, असतं ते फक्त लक्ष ठेवणं, रक्त तपासत राहणं आणि खडा स्वतःहून जातोय का याची वाट बघणं.

यावर आकडे आहेत का, तर आहेत. स्वीडनमध्ये देशभरातल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनांची नोंद एका ठिकाणी ठेवतात, त्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पित्ताशय काढताना नळीत रंग सोडून एक्स-रे काढला आणि नळीत खडा दिसला असे साडेतीन हजारांहून जास्त पेशंट त्यात होते. ज्यांचा खडा तसाच सोडला त्यांच्यातल्या शंभरात पंचवीस जणांना पुढं काही ना काही त्रास झाला, खडा राहिला, कावीळ झाली, जंतुसंसर्ग झाला, स्वादुपिंडाला सूज आली. ज्यांच्या खड्यावर काहीतरी उपाय केला त्यांच्यात हा आकडा शंभरात तेराच्या आसपास. आणि तुमच्या कामाचा भाग पुढं आहे, फक्त ४ मिमीच्या आतले खडे वेगळे काढून बघितले तरी फरक राहिलाच, सोडून दिलेल्यांत सोळाच्या आसपास आणि उपाय केलेल्यांत नऊच्या आसपास. युरोपातल्या एंडोस्कोपी डॉक्टरांच्या संघटनेनं २०१९ साली ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातही हेच आहे की पेशंटची तब्येत झेपण्यासारखी असेल तर त्रास असो नसो, नळीतला खडा काढण्याचा पर्याय त्याच्यासमोर ठेवावा.

पण हेच आकडे उलट्या बाजूनं पण वाचा. खडा सोडून दिलेल्या शंभरातल्या पंचाहत्तर जणांना काहीच झालं नाही! बारक्या खड्यात तर चौऱ्याऐंशी जणांना. म्हणून 'थांबा' हा सल्ला टिकून आहे, आणि म्हणूनच शेजारच्या काकूंचा खडा पडला, त्या ठणठणीत आहेत, ही गोष्ट पण खरी असते.

आता ईआरसीपी. आईला घाबरवू नका पण लपवू पण नका. पेशंटला पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपवतात, गुंगीचं औषध देतात, दातांमधे एक प्लॅस्टिकची रिंग ठेवतात आणि त्यातून करंगळीएवढ्या जाडीची दुर्बीण घशातून जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. या दुर्बिणीचा कॅमेरा समोर बघत नाही, बाजूला बघतो, कारण पित्तनळीचं तोंड आतड्याच्या भिंतीवर बाजूला असतं, गुलाबी फुगीर बोंडासारखं. त्या तोंडातून बारीक वायर नळीत घालतात, एक्स-रेच्या पडद्यावर ती वर सरकताना दिसते, रंग सोडला की नळी उजळते आणि खडा मधे डागासारखा दिसतो. मग तोंडाला विजेच्या तारेनं छोटासा छेद देतात, वर फुगा नेतात, फुगवतात आणि हळूच खाली ओढतात. गडद हिरवं-पिवळं पित्त भसकन बाहेर येतं आणि त्यात तो खडा. एवढा बारका खडा असेल तर बहुतेक वेळा पहिल्याच खेपेला नळी साफ होते. नातेवाईक हमखास विचारतात, खडा दाखवा की. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर आम्ही बाटलीत घालून देतो ना, तशी सवय झालीय. ईआरसीपीत खडा आतड्यातच सोडून देतात, तो शौचावाटे जातो, त्यामुळं हातात काही मिळत नाही, म्हणून 'काढलाच नाही, पैसे घेतले' असा संशय धरू नका, पडद्यावरचे फोटो रिपोर्टला जोडलेले असतात ते मागून घ्या.

सासूबाई किंवा आत्या 'नवीन प्रयोग' म्हणत असतील तर सांगा, नळीच्या तोंडाला असा छेद देऊन खडे काढायची पद्धत १९७४ पासून आहे, जर्मनी आणि जपानमधे एकाच वर्षी सुरू झाली. म्हणजे ज्या दुर्बिणीच्या पित्ताशय ऑपरेशनला आपण आता रुळलोय त्याच्याही आधीची.

धोका किती, तर ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज साधारण शंभरात तीन ते दहा जणांना येते, त्यातल्या बहुतेकांना सलाईनवर दोन-चार दिवस जास्त राहावं लागतं एवढंच, पण थोड्यांना ती गंभीर होते आणि गंभीर झाली तर ती खरंच वाईट असते, हे मी गोड करून सांगणार नाही. रक्तस्राव शंभरात एक-दोन, आतड्याला भोक पडणं शंभरात एकापेक्षा कमी. सूज टाळायला डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची १०० मिग्रॅची गोळी गुदद्वारातून देतात, साधी स्वस्त गोळी आहे पण उपयोग सिद्ध झालेला आहे, ती देणार आहात का एवढं विचारायला लाजू नका.

मग तुमच्या आईचं काय? कळ येऊन गेलीय, बिलिरुबिन वाढलं होतं, एमआरसीपीत खडा दिसलाय, वय ५८, बाकी तब्येत बरी. माझ्या मते इथं काढण्याकडंच कल द्यावा. पण त्याआधी एक काम करा. एमआरसीपी होऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाही. आठवडा-दोन आठवडे झाले असतील तर एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्त तपासणी, परत करा. बिलिरुबिन आणि अल्कलाईन फॉस्फेटेज पूर्ण खाली आलं असेल आणि दुखतही नसेल तर खडा पडूनही गेला असेल, अशा वेळी ईयूएस करून बघायला सांगा. ईयूएस म्हणजे दुर्बिणीच्या टोकावर सोनोग्राफी, ती आतड्यातून नळीला चिकटून बघते त्यामुळं एमआरसीपीत सुटतात तेवढे बारके खडेही तिला दिसतात, आणि तिच्यानं स्वादुपिंडाला सूज येत नाही. त्यात खडा दिसला तर बऱ्याच ठिकाणी त्याच गुंगीत पुढं ईआरसीपी उरकतात. नाही दिसला तर ईआरसीपी वाचली, सरळ पित्ताशयाचं ऑपरेशन.

आणि आईचं 'दुखत नाही' हे उत्तर, त्याला फार वजन देऊ नका. नळीत खडा तरंगत असतो, खाली टेकला की कळ, वर सरकला की आराम. आराम वाटला म्हणजे गेला असं नसतं.

प्रश्न : मी इचलकरंजीची, वय ३१. दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढलंय. परवा पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली तर 'नळीत ३ मिमीचा खडा असण्याची शक्यता' असं लिहून आलं. नळीची रुंदी ५ मिमी. एलएफटी सगळी नॉर्मल. दुखणं एकाच दिवसात थांबलं. लगेच पुढच्या आठवड्यात ईआरसीपीची तारीख दिलीय. करून घेऊ का?

ताई, तुमच्या बाबतीत माझं उत्तर वरच्या उत्तराच्या उलट आहे, आणि म्हणूनच तुमचं पत्र मुद्दाम त्याच्याखाली घेतलं.

रिपोर्टमधला 'शक्यता' हा शब्द नीट वाचा. साध्या सोनोग्राफीला पित्ताशय छान दिसतं पण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागं लपतं, तिथला ३ मिमीचा खडा सोनोग्राफीत आहे म्हणून नसू शकतो आणि नाही म्हणून असू शकतो. तुमची नळी फुगलेली नाही, रक्त नॉर्मल आहे, म्हणजे खडा खरंच आहे याला अजून तसा पुरावा नाही. आणि ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज यायचा धोका कुणाला जास्त असतो, तर तरुण बायका, बिलिरुबिन नॉर्मल, नळी बारीक. म्हणजे तुम्हीच. खडा नसताना केलेली ईआरसीपी ही सगळ्यात महागात पडणारी ईआरसीपी.

तेव्हा तारीख पुढं ढकला, आधी एमआरसीपी किंवा जमलं तर ईयूएस. पूर्वी नुसतं बघायला म्हणून ईआरसीपी करत, तो काळ गेला, आता ती फक्त काढायला करायची. ईयूएसमधे खडा नाही दिसला तर विषय संपला. दिसला, तर मग परत बसून बोलायचं, कारण ३ मिमीचा, काही त्रास न देणारा, न फुगलेल्या नळीतला खडा ही अशी जागा आहे जिथं थांबणं हा खरोखरचा पर्याय आहे. ज्यांना काही त्रास नव्हता अशा पेशंटना ईआरसीपीनंतर सूज जास्त आल्याचे अभ्यास जपानमधून आलेले आहेत. पण थांबायचं तर तारीख ठरवून थांबायचं, महिना-दीड महिन्यानं परत एलएफटी आणि तपासणी, आणि मधे कळ, ताप, डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. 'बघू दिवाळीनंतर' याला थांबणं म्हणत नाहीत.

आता तुम्ही इचलकरंजीच्या आहात म्हणून एक जादा गोष्ट. तिथं २०१२ साली दूषित पाण्यानं काविळीची मोठी साथ आली होती, ती लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही, त्यामुळं डोळे पिवळे झाले की घरचे आधी पाण्याची कावीळ म्हणतात आणि काविळीचं गावठी औषध आणायला कुठल्यातरी गावाला गाडी निघते. पाण्याच्या काविळीत बहुतेकदा आधी ताप, मळमळ, जेवणावरची वासना उडते आणि मग डोळे पिवळे होतात. खड्याच्या काविळीत आधी कळ. अंगाला खाज सुटली, शौचाचा रंग पांढुरका झाला तर पित्त अडलंय समजा. त्यात गावठी औषधानं आठवडा गेला तर नळीत पू होतो, एवढं सरळ आहे.

प्रश्न : गडहिंग्लजहून लिहितोय. आजोबा ८२. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू. पित्तनळीत ६ मिमीचा खडा आहे हे सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं, वय बघून काही करू नका म्हणाले. आता चार दिवस थंडी वाजून ताप येतोय, डोळे पिवळे आहेत, अधेमधे असंबद्ध बोलतात. अजून थांबावं का?

हे पत्र छापायला घेण्याआधीच त्यांना फोन करून दवाखान्यात न्यायला सांगितलं, इथं छापतोय ते बाकीच्यांसाठी.

पोटात दुखणं, थंडी वाजून ताप आणि कावीळ, हे तीन एकत्र आले की नळीत जंतुसंसर्ग झालाय असं धरायचं. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकातच हे लिहून ठेवलंय. त्यात बीपी उतरलं किंवा माणूस बरळायला लागला तर ती इमर्जन्सी, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. इथं थांबायचं की काढायचं हा प्रश्नच उरत नाही. अँटिबायोटिक आणि सलाईन लगेच सुरू करायचं आणि तुंबलेलं पित्त मोकळं करायचं. आणि मोकळं करायचं म्हणजे त्याच वेळी खडा काढलाच पाहिजे असं पण नाही. वयस्कर, आजारी, रक्त पातळ असलेल्या माणसाला छेद न देता नुसता प्लॅस्टिकचा स्टेंट (बारीक पोकळ नळी) घालून पित्ताला वाट करून देतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं कधी कधी, ताप उतरतो, माणूस शुद्धीवर येतो, खड्याचं नंतर सावकाश बघतात.

सहा महिन्यांपूर्वी वय बघून थांबले ते मी चुकीचं म्हणणार नाही. ८२व्या वर्षी, हृदयाचा आजार असताना, काहीच त्रास नसेल तर थांबणं शहाणपणाचं असू शकतं. पण तेव्हा घरच्यांना ताप, कावीळ म्हणजे पळायचं एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्यायला पाहिजे होतं, ते झालेलं दिसत नाही, चार दिवस त्यातच गेले. रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल पण एक, त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. अॅस्पिरिन बहुतेक वेळा थांबवावी लागतच नाही, क्लोपिडोग्रेलसारखी गोळी थांबवायची झाली तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, ठरलेल्या प्रक्रियेआधी काही दिवस. हृदयातला स्टेंट बंद पडला तर पित्ताचा खडा ही फार लहान गोष्ट वाटेल.

प्रश्न : स्वादुपिंडाला सूज आली म्हणून भावाला आठवडाभर अॅडमिट ठेवलं होतं, पित्ताशयातल्या खड्यामुळं झालं म्हणाले. पण ईआरसीपी केलीच नाही, सलाईनवरच बरा केला. हलगर्जीपणा झाला का? – शाहूपुरी

नाही. खड्यामुळं सूज आली की बऱ्याचदा तो खडा तोपर्यंत पडून गेलेला असतो, उरते ती सूज. नळीत जंतुसंसर्ग नसेल आणि कावीळ वाढत नसेल तर घाईनं ईआरसीपी करून फायदा होत नाही, नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०२० साली हे नीट चाचणी करून दाखवलं. बरोबर केलं त्यांनी. मात्र पित्ताशय काढल्याशिवाय भाऊ घरी आला असेल तर ते काम राहिलंय, फार लांबवू नका, परत तोच प्रकार व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : ईआरसीपीनं नळीतला खडा निघाला, आता एकदम हलकं वाटतंय. पित्ताशय काढायलाच पाहिजे का? ते काढल्यावर पचन बिघडतं म्हणतात. – राजारामपुरी

काढा. नळी साफ केली पण खड्यांचा कारखाना वर चालूच आहे. नेदरलँड्समधेच एक अभ्यास झाला होता, २००२ साली छापून आला, त्यात ईआरसीपीनंतर निम्म्या लोकांचं पित्ताशय काढलं आणि निम्म्यांचं 'बघू' म्हणून ठेवलं. दोन वर्षांत ठेवलेल्यांपैकी शंभरात ४७ जणांना परत पित्ताचा त्रास झाला, काढलेल्यांत शंभरात दोघांना. आताची शिफारस ईआरसीपीनंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करावं अशी आहे. काही ठिकाणी एकाच भुलेत दुर्बिणीनं पित्ताशय काढून नळीतला खडापण काढतात, म्हणजे ईआरसीपी वेगळी लागतच नाही, पण त्याला तसा हात बसलेला सर्जन आणि तशी बारीक दुर्बीण पाहिजे.

पचनाचं म्हणाल तर पित्त लिव्हर तयार करतं, पित्ताशय नुसतं साठवतं. थोडे दिवस तेलकट खाल्लं की पातळ शौचाला होतं काहींना, मग अंगवळणी पडतं. तांबडा-पांढरा कधीपासून, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण बाकीच्या सगळ्यांनी विचारलाय, तर पहिले काही दिवस जाऊ द्या, मग वाटीभर घेऊन बघा, सोसला तर पुढं. ऑपरेशनच्या आधी मात्र, पित्ताशयात खडे असताना, कट घालून मिसळ आणि रविवारचं मटण दोन्ही आवरा, कळ त्यानंच उठते.

प्रश्न : युट्यूबवर बघून सफरचंदाचा रस, ऑलिव्ह ऑईल आणि लिंबू घेतलं. सकाळी शौचात हिरवे मऊ गोळे पडले, फोटो पाठवतोय. खडे पडले ना? – कागल

फोटो बघितला, जेवायच्या आधी बघायला नको होता. ते खडे नाहीत भावा. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी २००५ साली एका बाईंचे असेच हिरवे गोळे प्रयोगशाळेत तपासले होते, ४० डिग्रीला ठेवले तर दहा मिनिटांत वितळून तेलकट हिरवा चिकटा झाला. पोटात गेलेलं तेल आणि लिंबू यांचा आतड्यात साबणासारखा गोळा होतो, तोच पडतो. पित्ताचा खडा असा मऊ नसतो आणि पाण्यावर तरंगणारे गोळे तर नाहीच नाही. सोनोग्राफी परत करा, तुमचे खडे आहेत तिथंच असणार. परत हा प्रयोग करू नका, एवढं तेल एका दमात घेतल्यावर पित्ताशय जोरात आवळतं आणि खरा खडा नळीत सरकायचा धोका असतो.

प्रश्न : मागच्या वर्षी ईआरसीपी झाली, तेव्हा नळीत स्टेंट ठेवला होता. तीन महिन्यांनी या म्हणाले होते, पण ऊसतोड, मग घरातलं लग्न, राहून गेलं. काही त्रास नाही. आता जायलाच हवं का? – शिरोळ

या आठवड्यात जा. प्लॅस्टिकचा स्टेंट तीन ते सहा महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो. त्यापुढं तो गाळानं बुजतो, त्याच्याच भोवती नवीन खडे धरतात आणि एक दिवस थंडी वाजून ताप येतो. काढणं सोपं असतं, साध्या दुर्बिणीनं पाच-दहा मिनिटांत. ज्यांना ज्यांना स्टेंट बसलाय त्यांनी डिस्चार्ज कार्डवर तारीख लाल पेनानं लिहून ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, ती पिशवी आपल्याकडं कधी हरवत नाही.

प्रश्न : ईआरसीपी आणि ऑपरेशन मिळून खर्च झेपत नाही. महात्मा फुले योजनेत बसतं का? – भुदरगड

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरवून दिलेल्या प्रक्रिया असतात आणि त्या ठरलेल्या दवाखान्यांतच होतात, त्यामुळं नुसती 'योजनेचा दवाखाना' अशी पाटी बघून अॅडमिट होऊ नका. दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडं रेशनकार्ड, आधार, एमआरसीपीचा रिपोर्ट घेऊन जा आणि तुमची नेमकी प्रक्रिया त्या दवाखान्यात योजनेत होते का ते विचारा, आणि मंजुरी आल्यावरच भरती व्हा. भरती झाल्यावर मग कागद जमवायला गेलात की निम्मं बिल आधीच भरलेलं असतं. ईआरसीपी एका ठिकाणी आणि ऑपरेशन दुसऱ्या ठिकाणी करायचं असेल तर दोन्हीकडं वेगवेगळं विचारायचं. आणि ताप-कावीळ असेल तर यातलं काही न बघता आधी जवळच्या मोठ्या दवाखान्यात, इमर्जन्सीत मंजुरी फोनवरून पण घेता येते, आरोग्यमित्राला तेवढं सांगा.